उघड्या कार्डावर लिहू नको

करडी
ता. २२ जुलै १९७९

ती. ताईस,

सुलोचनाचा शि. सा. नमस्कार.

तू म्हणशील, दोन महिने पत्र नाही आणि आता काम पडलं तर आठवण झाली. तसंच समज. इकडे रोवणी चालू आहे. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत बांधीत वाकून धानाचे पऱ्हे लावून राहिलो आम्ही. कंबर धरते, पण पाऊस बरा आहे, म्हणून कोणी कुरकुर करत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर हे आंबागडच्या फडीवरून जूनमधीच परत आले. फडमुंशी म्हणून पानांचे पुडे मोजत दीड महिना जंगलात होते, तर वाळून आले. आता बरे आहेत.

मले मात्र काही दिवसांपासून अंगाले खाज सुटते. बायका म्हणतात, चिखलात उभं राहून होते तसं. आमच्या शेजारच्या कुंताबाईनं कडूनिंबाचा पाला उकळून दिला, त्या पाण्यानं अंग धुतलं. फरक नाही. रात्री तर जास्तच. तू दवाखान्यात नर्स आहेस, रोज असे लोक पाहत असशील. काही औषध असलं तर कळव.

आईले, इश्वरले नमस्कार, आशीर्वाद सांग. बाकी सगळं ठीक.

तुझी
सुलोचना

—

कोंढा
ता. २८ जुलै १९७९ (कार्ड)

चि. सौ. सुलोचना हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रात्री जास्त खाज म्हणजे बहुधा खरूज असेल. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर बारीक फोड आहेत का पाहा. मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी कोणाकडून गंधकाचं मलम आणव. आंघोळ करून अंग कोरडं कर आणि मानेखाली सगळीकडे लाव. घरच्या सगळ्यांनीच लावायचं, नाहीतर एकाची जाते आणि दुसऱ्याची परत येते. पांघरुणं उन्हात टाक. घाबरायचं कारण नाही. पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात रोज दहा जण येतात.

जागेश्वररावांना व मोठ्या माणसांना नमस्कार.

सत्यभामा

—

करडी
ता. ६ ऑगस्ट १९७९

ती. ताईस सा. नमस्कार.

ताई, पुन्हा उघड्या कार्डावर असं काही लिहू नको. पोस्टमननं कार्ड सासऱ्यांच्या हातात दिलं. सासरे माह्या नावाचं पत्रही मोठ्यानं वाचतात, त्यायची सवय आहे. अंगणात रोवणीच्या बाया चहा पीत बसल्या होत्या. सगळ्यायच्या समोर त्यायनं वाचलं, "सुलोचनाले खरूज झाली म्हणते तिची बहीण." त्या दिवसापासून सासूबाई माह्या हातची भाजी खात नाहीत. माहा जेवायचा कोपर वेगळा ठेवला आहे.

मलम आणून लावलं. आग झाली नुसती. ताई, मी पहिल्या पत्रात नीट लिहिलं नव्हतं. बोटांत काही नाही, मनगटावर नाही. कसं लिहू समजत नाही, पण आता तुह्याशिवाय कोणाले सांगू. खाज फक्त खाली आहे. जांघेत, केसांच्या जागी. तिथून मांडीवर येते. खाजवून खाजवून कातडी सोलली आहे. बांधीत वाकलं की घाम उतरतो आणि जीव जाते. परवा मी बांधावर जाऊन बसली तर कुंताबाई म्हणाली, "काहून बसली, बरं नाही काय?" मी म्हणलं, चक्कर आली. तर तिनं गावभर सांगतलं की सुलोचनाले दिवस गेले.

लुगड्याच्या आतल्या बाजूले बारीक तांबडे-काळे ठिपके पडतात, जसं कोणी तंबाखूची भुकटी सांडली. धुतले की पुन्हा येतात. हे काय असते? एखादा मोठा रोग तर नाही ना? हे पत्र फाडून टाक. उत्तर पाकिटात पाठव, आणि वर "कुंताबाई यांचेकडे" असं लिही. तिले वाचता येत नाही.

सुलोचना

—

कोंढा
ता. ११ ऑगस्ट १९७९

चि. सौ. सुलोचना हिस आशीर्वाद.

कार्डाचं वाचून मला फार वाईट वाटलं. जागा कोणती, हे मी आधी विचारायला हवं होतं. मोठा रोग वगैरे मनात आणू नको.

आता मी सांगते तसं कर आणि लाजू नको, कारण कोणी पाहणार नाही. घरात कोणी नसेल अशा वेळी, दिवसा, खिडकीजवळ चांगल्या उजेडात बस. दिव्यानं दिसत नाही. केसांच्या मुळाशी, कातडीला चिकटून काही आहे का पाहा. नुसतं पाहिलं तर बारीक तीळ किंवा खपली वाटेल. नखानं काढून पांढऱ्या कागदावर ठेव आणि थोडा वेळ थांब. हलतं का? डोक्यातल्या उवा लांबट असतात. ही तशी लांबट आहे की रुंद, चापट? केसांना पांढुरक्या लिखा चिकटलेल्या आहेत का, आणि ओढल्या तर सहज निघतात की घट्ट बसल्या आहेत? पोटाच्या खालच्या भागावर किंवा मांडीवर निळसर डाग दिसतात का?

जे दिसेल ते लिही. कितीही घाण वाटलं तरी लिही. मी नर्स आहे, बाळंतपणं करते, मला कशाची घाण वाटत नाही.

आणखी एक. जागेश्वररावांनाही खाज आहे का? विचारता येत नसेल तर नुसतं लक्ष ठेव.

सत्यभामा

—

करडी
ता. १७ ऑगस्ट १९७९

ती. ताईस सा. नमस्कार.

काल सगळे बांधीवर गेले तेव्हा मी पोट दुखते म्हणून घरी राहिली. तू सांगतलं तसं पाह्यलं. ताई, जिवंत आहेत. मले वाटलं तीळ आहे, पण कागदावर ठेवला तर पाय हलवायले लागला. रुंद आहे, चापट. तळ्याच्या काठी बारके खेकडे असतात ना, तसाच दिसते, फक्त मोहरीपेक्षाही लहान. लिखाही आहेत, केसाले इतक्या घट्ट की नखानं सरकत नाहीत. मांडीवर दोन-तीन निळे डाग आहेत, मले वाटलं होतं बांधीच्या धुऱ्यावर आपटली असेन.

मी तिथंच बसून रडली. किती वेळ गेला कळलं नाही. मग चुलीत कागद टाकला आणि हात राखेनं घासले, तीनदा, तरी वाटे की बोटावर काही चालून राहिलं.

मी रोज आंघोळ करते, ताई. सणावारी डोक्यावरून पाणी घेते. माह्याच अंगाले असं काहून व्हावं? देवाघरी माहं काही चुकलं काय?

यायच्याबद्दल तू विचारलं. हो. तेही खाजवतात. दुपारी गोठ्यात जातात, उगाच बैलांजवळ उभे राहतात. मी एकदा विचारलं, "तुमाले पण होते काय?" तर म्हणाले, "घामोळ्या आहेत. बाईनं असं विचारू नये." 

सासूबाईच्या ध्यानात आलं आहे. परवा न्हाणीच्या बाहेरून म्हणाल्या, "शिमग्याले महिनाभर माहेरी होती, तिकडूनच काही लावून आली." कोणाले उद्देशून नाही, अशाच म्हणाल्या. पण मी ऐकावं म्हणूनच म्हणाल्या. ताई, लवकर लिही.

सुलोचना

—

कोंढा
ता. २० ऑगस्ट १९७९

चि. सौ. सुलोचना हिस आशीर्वाद.

तू इतकं नीट पाहून लिहिलंस की आता मला शंका नाही. ह्या जांघेतल्या उवा आहेत. डोक्यातल्या उवांची जात वेगळी, ही वेगळी. ह्या अंगावरच्या जाड केसांतच राहतात, रक्त पितात, म्हणून खाज सुटते आणि लुगड्यावर ठिपके पडतात. निळे डाग त्यांच्या चाव्याचे आहेत, आपोआप जातील. ह्यानं जीव जात नाही, अंग सडत नाही. देवाचा कोप नाही आणि अस्वच्छपणाही नाही. रोज आंघोळ करणाऱ्यालाही होतात, कारण पाण्यानं त्या सुटतच नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे पत्र घेऊन इश्वर येईल. त्याच्याजवळ शंकरपाळ्यांच्या डब्यात कापडात गुंडाळून दोन बाटल्या देते. पांढरं औषध आहे. एक तुझी, एक जागेश्वररावांची. अंग धुऊन पूर्ण कोरडं करा, मग बेंबीपासून गुडघ्यापर्यंत लावा, काखेतही लावा. सोललेल्या जागी थोडी आग होईल. दुसऱ्या दिवशी साबणानं धुवा. मेलेल्या लिखा बारीक दातांच्या फणीनं काढा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं, कारण लिखा औषधानं सगळ्या मरत नाहीत, त्यातून नव्या निघतात. त्याच दिवशी दोघांचे आतले कपडे, चादर, गोदडीची खोळ उकळत्या पाण्यात टाका. अंगावरून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. रॉकेल, फिनेल, धानावर मारायची पावडर, असलं काही अंगाला लावायचं नाही. लोक लावतात आणि कातडी जाळून घेतात. तुला दिवस गेले असतील तर औषध लावायच्या आधी मला कळव. कुंताबाई म्हणाली ते खरं आहे का?

आता अवघड बोलते. हे औषध दोघांनी एकाच दिवशी लावलं नाही तर उपयोग नाही. आणि ह्या उवा पाण्यातून येत नाहीत, चिखलातून येत नाहीत. अंगाला अंग लागून येतात, नवरा-बायकोत जसं लागतं तसं. क्वचित कधी दुसऱ्याच्या अंथरुणातून, कपड्यातून येतात, पण क्वचितच. अंगावर आल्यावर खाज सुरू व्हायला कधी कधी महिनाही जातो. तू शिमग्याला आमच्याकडे होतीस, त्याला चार महिने झाले. ते जूनमध्ये परत आले आणि तुझी खाज जुलैत सुरू झाली. मी इतकंच लिहिते. बाकी तूच विचार कर. भांडू नको, पण दोष आपल्या माथ्यावर घेऊनही बसू नको.

सत्यभामा

—

करडी
ता. २ सप्टेंबर १९७९

श्रीमती सत्यभामाबाई यांस जागेश्वरचा नमस्कार.

तुमच्या भावानं आणलेल्या बाटल्या मी तळ्यात फेकल्या. डब्याच्या तळाशी तुमचं पाकीट होतं, तेही सापडलं. पहिलं पान वाचलं आणि शेवटचं वाचलं, मधलं वाचायची गरज पडली नाही.

तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून कोणाच्या घरी काहीही लिहून पाठवाल असं नाही. माझ्या अंगाला काही नाही. फडीवर पन्नास माणसं एका मांडवात झोपत होती, ताडपत्री एक, गोदड्या सगळ्यांच्या त्याच. तिथून काही आलं असेल तर तो कोणाचा दोष नाही. नाहीतर सुलोचनानंच तुमच्याकडून आणलं असेल. तुमच्या घरी दवाखान्याचे लोक येतात-जातात, मी काही म्हणत नाही, पण लोक म्हणतील.

यापुढे तिला पत्र पाठवू नये. आईनं सांगितलं आहे की दिवाळीला तिला कोंढ्याला पाठवायचं. परत आणायचं की नाही ते पाहू.

आपला
जागेश्वर

—

कोंढा
ता. ७ सप्टेंबर १९७९

श्री. जागेश्वरराव यांस सत्यभामाचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. माझ्याबद्दल लिहिलं त्याचं मी काही मनावर घेत नाही. मी विधवा बाई एकटी नोकरी करते, मला ह्यापेक्षा जास्त ऐकायची सवय आहे.

गोदडीतून आलं असेल असं तुम्ही म्हणता. असेल. मी भांडत नाही. पण गोदडीतून आलं तरी औषध दोघांनाच लावावं लागेल. तुमच्या अंगाला काही नाही असं लिहिलंत, तरी मनात शंका असेल तर एकटे जाऊन भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर पुरुष आहेत, ते कोणाला सांगत नाहीत. आणि पत्राचं मधलं पान वाचलं नाहीत, तर एवढं तरी वाचा: शेतातली कोणतीही पावडर अंगाला लावू नका.

सुलोचनाला दिवाळीच्या आधीही पाठवलं तर तिची खोली तयार आहे. पण तिला ह्या कारणावरून पाठवू नका. ती माझ्याशी सुद्धा तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही.

सत्यभामा

—

भंडारा
ता. १९ सप्टेंबर १९७९

ती. ताईस सा. नमस्कार.

तुह्या हातचं शेवटचं पत्र मी वाचलंच नाही, औषधाच्या बाटल्या तळ्यात गेल्या तेवढंच पाह्यलं. यायनं तुले काय लिहिलं तेही मले काल समजलं. मी इथं दवाखान्यात आहे. घाबरू नको, मी धडधाकट आहे. हे भरती आहेत.

सांगते सगळं. फडीचा बाबुलाल नावाचा ट्रक ड्रायव्हर त्यायचा दोस्त आहे. त्यानं यायले सांगतलं की आम्ही रस्त्यावरची माणसं धानावर मारायची पावडर गोड्या तेलात कालवून लावतो, दोन दिवसांत साफ. यायनं गोठ्यात डबा लपवून ठेवला आणि रोज लावायले लागले. खाजवून सोललेल्या कातडीवर. मले गोठ्यात वास आला होता. मी डबा पाह्यला, पण बोलली नाही. मनात म्हणलं, लावू द्या, आग होऊ द्या. ताई, मले राग होता.

रविवारी दुपारी जेवायले बसले तर हात थरथरून राहिला होता. दोन घास खाल्ले, उलटी केली आणि आडवे पडले. मग हातपाय झटकायले लागले, दातखीळ बसली, डोळे पांढरे. सासूबाई किंचाळल्या. गाव जमा झालं. कोणी म्हणे मिरगी आहे, जोडा हुंगवा. कोणी म्हणे बांधीत साप चावला असेल, आंबागडकडचा मांत्रिक आणा. सासरे मांत्रिकासाठी माणूस पाठवायले निघाले.

मी दाराच्या आड उभी होती. मले माहीत होतं आणि बाकी कोणाले माहीत नव्हतं. ताई, त्या वेळेले मले वाटलं की मी बोलली तर ह्या घरात राहणार नाही, आणि नाही बोलली तर हे राहणार नाहीत. मी बाहेर आली. डोक्यावरचा पदरही सरकला होता, तसाच राहिला. म्हणलं, "मामाजी, साप नाही. यायनं धानावरची पावडर तेलात मिसळून अंगाले लावली. चार-पाच दिवसांपासून."

सासरे म्हणाले, "पावडर? कायले?"

"खाजेसाठी."

"कशाची खाज?"

सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. कुंताबाई, तिचा नवरा भैय्यालाल, पाटलाचा गडी, सगळे. मी म्हणलं, "जांघेत उवा झाल्या आहेत. त्यायले आणि मले. औषध आलं होतं, ते त्यायनं फेकलं. आता दवाखान्यात न्या, मांत्रिकाकडे नेलं तर जीव जाईन."

कोणी हसलं नाही. सासरे मग भैय्यालालले म्हणाले, "ट्रॅक्टर काढ." मी गोठ्यातून डबा आणून पदरात बांधला. वाटेत त्यायले पुन्हा झटका आला. सासूबाई ट्रॉलीत माह्या समोर बसल्या होत्या.

डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, काय खाल्लं. मी डबा पुढं केला. त्यायनं वास घेतला आणि लगेच नर्सले सांगतलं की सगळे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, केस कापा, तेलाचा थेंब राहिला नाही पाहिजे. इंजेक्शन दिलं. मग मले म्हणाले, "बाई, डबा आणला ते बरं केलं. हे कातडीतून आत जातं, तेलात कालवलं की आणखी लवकर. साप समजून दुसरीकडे नेलं असतं तर सांगता येत नव्हतं."

दोन दिवस झटके येत होते, मग थांबले. काल त्यायनं डोळे उघडून मले ओळखलं. डॉक्टरनं मले आणि त्यायले एकत्र बसवून विचारलं, सासूबाईले बाहेर काढून. विचारलं की फडीच्या हंगामात घराबाहेर कोणाशी संबंध आला काय. हे भिंतीकडे पाहून राहिले. मग म्हणाले, "हो. पैसे मिळाले त्या दिवशी बाबुलालसोबत गेलो. एकदाच." डॉक्टरनं आवाज चढवला नाही. म्हणाले, "मग दोघांचं रक्त तपासायला लागेल. उवा औषधानं जातात. त्यांच्या सोबत दुसरं काही आलं असेल तर ते आत लपून बसतं."

ताई, मी तुले एक गोष्ट सांगतली नव्हती. कुंताबाईनं गावभर सांगतलं तेव्हा ते खोटं होतं, पण आता खरं आहे. दीड महिना होत आला. तू पत्रात विचारलं असशील तर ते पत्र मले भेटलं नाही. मी डॉक्टरले सांगतलं तर त्यायनं वर पाह्यलं आणि लिहायचं थांबवलं. म्हणाले, रक्त आजच घेऊ, नागपूरले पाठवतो. त्यायच्या चेहऱ्यावरून मले काही समजलं नाही. लेकराले काही होईन काय?

सुलोचना

—

कोंढा
ता. २२ सप्टेंबर १९७९

चि. सौ. सुलोचना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. अंगणात सगळ्यांसमोर तू जे बोललीस ते मला जमलं असतं की नाही, माहीत नाही.

लेकराबद्दल. तू मला खरं विचारतेस, म्हणून खरं सांगते. उवांचा लेकराला काही त्रास नाही. डॉक्टर ज्याच्यासाठी रक्त तपासतात तो आजार असला तर तो पोटातल्या बाळाला लागू शकतो, पण लवकर कळला तर सुया देऊन आईही बरी होते आणि बाळही वाचतं. दीड महिना म्हणजे लवकरच आहे. मी अशा बाईचं बाळंतपण स्वतः केलं आहे, पोरगं शाळेत जातं. तरी तपासणीचं उत्तर येईपर्यंत मला झोप लागणार नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

अंगाला लावायचं औषध आता डॉक्टर देतील तेच आणि सांगतील तेवढंच लाव. तू पोटुशी आहेस हे प्रत्येक वेळी सांग, औषध बदललं तरी सांग. उत्तर येईपर्यंत नवऱ्यापासून वेगळी नीज. कोणी काही म्हटलं तर डॉक्टरचं नाव घे.

इथं यायचं असेल तर इश्वर बैलगाडी घेऊन उभा आहे. यायचं नसेल तर तेही चालेल. हे तू ठरव, मी ह्या वेळी माझं मत लिहीत नाही.

तुझी
सत्यभामाताई

—

करडी
ता. १४ ऑक्टोबर १९७९

ती. ताईस सा. नमस्कार.

काल मी आणि सासरे भंडाऱ्याले गेलो होतो. नागपूरहून उत्तर आलं. दोघांच्याही रक्तात दोष नाही. डॉक्टरनं कागद दाखवला, इंग्रजीत होता, मले फक्त माहं नाव वाचता आलं. मी पुन्हा विचारलं, "म्हणजे लेकराले काही नाही?" म्हणाले, "काही नाही." मी तिसऱ्यांदा विचारलं तर हसले आणि पुन्हा सांगतलं. येताना एसटीत सासऱ्यांनी मले खिडकीजवळ बसवलं. तिकीट काढलं आणि म्हणाले, "यापुढं तुह्या नावाचं पत्र मी उघडणार नाही." एवढंच बोलले.

औषध दोनदा लावून झालं. खाज नाही. मी दर दोन-तीन दिवसांनी उजेडात बसून पाहते. काही नसते, तरी पाहते. ही सवय जायले वेळ लागेल असं वाटते.

हे घरी आले आहेत. अशक्त आहेत, हात अजून थोडा कापते. पहिल्या दिवशी त्यायनं स्वतः अंगणात चूल मांडली आणि गुरांच्या आंबोणाच्या मोठ्या गंजात सगळे कपडे उकळले. येणारा-जाणारा पाहून राहिला होता. मी मदत केली नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळेले म्हणाले, "तुह्या ताईले मी वाईट लिहिलं. माफी कशी लिहू?" मी म्हणलं, ते तुमचं तुमी पाहा. त्यायनं दोन कागद खराब केले, अजून लिहिलं नाही. त्यायचं पत्र आलं तर ठीक, नाही आलं तर वाट पाहू नको.

माहं काय ते विचारशील. मी सासूबाईच्या खोलीत निजते. त्यायनंच खाट तिकडं सरकवली, मी सांगतलं नव्हतं. कोपरही आता वेगळा नाही. पण न्हाणीबाहेरून त्या जे बोलल्या होत्या, ते मी विसरली नाही आणि त्यायलेही ते माहीत आहे. यायच्याशी मी कामापुरती बोलते. कधी वाटते, जीव वाचला हेच पुष्कळ. कधी पाणी द्यायले हात पुढं करते आणि बाबुलालचा तो ट्रक, तो पैसे मिळाल्याचा दिवस डोळ्यासमोर येते, मग तांब्या खाली ठेवून देते. ते उचलून पितात. दिवाळीले मी कोंढ्याले येते. आपल्या मनानं येते आणि आपल्या मनानं परत जाईन, असं मी घरात सांगतलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात फडीवर जायचं नाही, हेही सांगतलं. लेकरू तेव्हा मांडीवर राहीन.

आज सकाळी विहिरीवर कुंताबाई आली. बाकी बाया जाईपर्यंत भांडी घासत बसली, स्वच्छ भांडी पुन्हा घासून राहिली. मग हळूच म्हणाली, "सुलोचना, तुले झालं होतं ते कसं दिसते?" मी सांगतलं. उजेडात कसं पाहायचं, कागदावर कसं ठेवायचं, सगळं. ती म्हणाली, "मग माहंही तेच आहे. श्रावणापासून आहे." भैय्यालालही यायच्यासोबत फडीवर होता, ताई. तिनं चिखलाचं म्हणून इतके दिवस काढले, मलेही तिनंच चिखलाचं सांगतलं होतं. मले म्हणाली, "तू अंगणात सगळ्यायच्या समोर बोलली. नवऱ्याले मी कसं सांगू?"

मी तिले म्हणलं, सोबत मी येते. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आली. भैय्यालाल आधी उठून जायले निघाला, मग दारातच बसला आणि खाली मान घालून सगळं ऐकलं. मंगळवारी दोघं भंडाऱ्याले जाणार आहेत, मी डॉक्टरचं नाव लिहून दिलं आहे. त्यायच्या घरातही पावडरचा डबा होता, तो मी सोबत घेऊन आली आणि सासऱ्यांच्या पेटीत कुलपात ठेवला.

आईले सांग, दिवाळीले येते.

तुझी
सुलोचना